मॅक्सिमात क्ष ला एकदा 5 दिलं आणि पुढची सगळी गणितं बिघडली: किंमत कधी निघते आणि कोट कुठे द्यायचा

मॅक्सिमा, म्हणजे अक्षरांची बीजगणितं सोडवून देणारं फुकट सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या मुलांकडून मला सर्वाधिक वेळा येणारी तक्रार एकच आहे: "काल हेच चाललं होतं, आज चालत नाही." आज्ञा तीच, कंस तेच, अर्धविरामही जागेवर, तरी काल डेरिव्हेटिव्ह आलं होतं आणि आज लाल अक्षरांत चूक येते. त्याहून वाईट म्हणजे चूक न दाखवता भलतंच उत्तर येतं. सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करून हे सुटत नाही. हे कशाने सुटतं ते इथे सविस्तर लिहितो, कारण मूळ कारण समजलं नाही तर तोच गुंता दर आठवड्याला नव्या रूपात समोर येतो.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल आधी सांगतो. आज्ञा मी देवनागरीतच लिहिल्या आहेत: डिफ (डेरिव्हेटिव्ह काढणारी), सॉल्व्ह (समीकरण सोडवणारी), सब्स्ट (एकाच्या जागी दुसरं घालणारी) वगैरे. यंत्रावर त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगने टाइप करायच्या. अज्ञातासाठी क्ष, फंक्शनसाठी फ आणि ग, साठवलेल्या राशीसाठी र ही अक्षरं घेतली आहेत. चिन्हं मात्र जशीच्या तशी आहेत, आणि या लेखात सगळं महत्त्व चिन्हांचंच आहे. नावापुढची दोन टिंबं म्हणजे त्या नावाला उजवीकडची किंमत देणं.

आता प्रत्यक्ष बिघाड बघू. कोऱ्या सत्रात हे चार ओळींचं काम करा:

र: क्ष^2 + 5*क्ष + 6;
क्ष: 5;
डिफ(र, क्ष);
सब्स्ट(क्ष=2, र);

तिसऱ्या ओळीला चूक येते. मॅक्सिमाची तक्रार अशी की दुसऱ्या जागी व्हेरिएबल हवं होतं, मिळाला 5. हे तरी बरं, काहीतरी बिनसलंय एवढं कळतं. चौथी ओळ मात्र निमूटपणे चालते आणि उत्तर देते: क्ष^2 + 2*क्ष + 6. क्ष च्या जागी 2 घातला तर 4 + 10 + 6 म्हणजे 20 यायला हवेत. इथे क्ष तसाच राहिला आणि राशीतल्या 5 चे 2 झाले!

असं का झालं? सब्स्टला काम सांगण्याआधी मॅक्सिमा कंसातल्या प्रत्येक गोष्टीची किंमत काढते. "क्ष=2" मधल्या क्ष ची किंमत 5 आहे, म्हणून सब्स्टच्या हातात "5=2" पडतं. तिला वाटतं 5 च्या जागी 2 घालायचा आहे, आणि ती तेच करते. डिफचंही तसंच: तिच्यापर्यंत क्ष पोचतच नाही, 5 पोचतो. 5 च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह काढायचं म्हणजे काय, हे कोणालाच सांगता येणार नाही.

मग र मधला क्ष का बदलला नाही? र साठवताना क्ष रिकामा होता, म्हणून राशीत नुसतं नाव साठवलं गेलं. नंतर र ची किंमत मागितली की मॅक्सिमा ती साठवलेली राशी काढून देते आणि तिथेच थांबते. त्या राशीतल्या नावांच्या किमती ती पुन्हा काढत बसत नाही. किंमत एकदाच निघते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढची अर्धी कोडी त्यानेच सुटतात. स्वतः करून बघा:

अ: ब + 1;
ब: 3;
अ;

उत्तर ब + 1 येतं, 4 नाही. हेच मॅथेमॅटिका या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलं तर 4 येतं, कारण तिथे काही बदलायचं उरत नाही तोवर किमती पुन्हा पुन्हा काढल्या जातात. त्यामुळे मॅथेमॅटिकावरून मॅक्सिमाकडे आलेली मंडळी इथे हमखास अडखळतात. मॅक्सिमात आणखी एक फेरी हवी असेल तर ती मागावी लागते: ईव्ही(अ) लिहा, 4 मिळतात.

तात्पुरता उपाय सोपा आहे. "व्हॅल्यूज;" ही आज्ञा द्या. ज्या ज्या नावांना तुम्ही किंमत दिली आहे त्यांची यादी येते. त्यात क्ष दिसला तर "किल(क्ष)" किंवा "रेमव्हॅल्यू(क्ष)" करा. किल त्या नावाचं सगळंच पुसते, म्हणजे त्या नावाचं फंक्शन असेल तर तेही. रेमव्हॅल्यू फक्त किंमत पुसते. "किल(ऑल)" केलं की आतापर्यंतची सगळी व्याख्या-फंक्शन्सही जातात, म्हणून ते शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

"काल चाललं, आज नाही" याचं स्पष्टीकरणही इथेच आहे. डब्ल्यूएक्समॅक्सिमा या मॅक्सिमाच्या खिडकीत पानावर सेल, म्हणजे आज्ञा लिहायचे कप्पे, वरून खाली दिसतात, पण किमती ठरतात त्या तुम्ही सेल कोणत्या क्रमाने चालवले त्यावर. खालचा "क्ष: 5" आधी चालवून मग वरचा डिफचा सेल पुन्हा चालवलात, तर पान दिसायला नीटनेटकं आणि उत्तर चुकीचं. सेल पुसला तरी त्याने दिलेली किंमत पुसली जात नाही. शंका आली की मेन्यूतून मॅक्सिमा रीस्टार्ट करा आणि सगळे सेल पहिल्यापासून ओळीने चालवा. त्यात जे टिकेल तेच खरं.

कायमचा उपाय म्हणाल तर माझं मत ठाम आहे: ज्या अक्षराला तुम्ही अज्ञात म्हणून वागवणार आहात त्याला कधीही किंमत देऊ नका. मुलं किंमत देतात ती बहुतेक वेळा "सॉल्व्ह" नंतर. सॉल्व्ह(र=0, क्ष) केलं की उत्तर येतं क्ष=-3 आणि क्ष=-2 अशा समीकरणांच्या यादीत. त्याने क्ष ला काहीही चिकटत नाही. बरोबरीचं चिन्ह म्हणजे समीकरण, किंमत देण्याचं काम फक्त विसर्गासारख्या दोन टिंबांचं. मुलांना ते अपुरं वाटतं, म्हणून ती हाताने "क्ष: -3" लिहितात आणि पुढच्या गणिताची वाट लागते. त्याऐवजी उत्तरांना वेगळं नाव द्या:

मुळे: सॉल्व्ह(र=0, क्ष);
सब्स्ट(मुळे[1], र);

मूळ बरोबर असेल तर 0 येतो आणि क्ष रिकामाच राहतो. एखाद्या ठिकाणची किंमत नुसती बघायची असेल तर "र, क्ष=2;" असं लिहिलं तरी पुरतं.

आता कोटकडे येऊ. एकेरी अवतरणचिन्ह, ज्याला लॅबमध्ये सगळे सिंगल कोट म्हणतात, ते काय करतं हे मराठीच्या आधाराने चटकन कळतं. "पुणे मुळा-मुठेच्या काठी आहे" या वाक्यात आपण शहराबद्दल बोलतो. "'पुणे' दोन अक्षरी आहे" या वाक्यात शहराचा संबंध नाही, आपण शब्दाबद्दल बोलतो. मॅक्सिमातला कोट हेच सांगतो: किमतीकडे जाऊ नकोस, नावापाशी थांब. क्ष ला 5 दिलेले असतानाही

डिफ(र, 'क्ष);

लिहिलंत तर 2*क्ष + 5 मिळतं, आणि सब्स्ट('क्ष=2, र) लिहिलंत तर 20. ही पद्धत लिस्प या प्रोग्रामिंग भाषेतून आलेली आहे. मॅक्सिमाचं मूळ तिच्याच नावाशी जुळणाऱ्या मॅक्सीमा (Macsyma) या जुन्या प्रणालीत आहे. तिचं काम एमआयटीत 1968 च्या सुमारास लिस्प भाषेत सुरू झालं. विल्यम शेल्टर यांनी तिची एक आवृत्ती 1982 पासून सांभाळली, 1998 मध्ये ती मुक्त परवान्याखाली खुली करण्याची परवानगी मिळवली, आणि 2001 मध्ये ते गेल्यावरही स्वयंसेवकांनी काम चालू ठेवलं. आज आपण फुकट डाउनलोड करतो ती तीच. लिस्पमध्ये प्रोग्राम आणि माहिती एकाच प्रकारच्या याद्यांत लिहिली जाते, त्यामुळे "हे चालव" आणि "हे नुसतं धरून ठेव" यांत फरक करणारं चिन्ह लागतंच. बीजगणितालाही त्याच फरकाची गरज असते.

कोट कुठे ठेवता त्यावर अर्थ बदलतो, आणि इथे बरेच जण चुकतात. '(फ(क्ष)) असा पूर्ण कंसाला कोट दिला तर आतलं काहीच चालत नाही. 'फ(क्ष) असा फक्त फ ला कोट दिला तर फ चालत नाही, पण कंसातल्या क्ष ची किंमत निघते. मॅक्सिमाच्या परिभाषेत नावाला कोट नसलेलं फंक्शन क्रियापद आणि नावाला कोट दिलेलं फंक्शन नाम. "धाव" म्हटलं की माणूस पळायला लागतो, "धावणे" म्हटलं की त्या क्रियेबद्दल नुसतं बोलता येतं. 'इंटिग्रेट(क्ष^2, क्ष, 0, 1) लिहा, पडद्यावर समाकलनाचं चिन्ह दिसेल आणि काही सोडवलं जाणार नाही. मग ईव्ही(%, नाउन्स) म्हटलं (% म्हणजे आधीचं उत्तर) की नामाचं क्रियापद होतं आणि 1/3 मिळतो. (अर्थात क्ष रिकामा असेल तरच!)

विकल समीकरणात हा कोट विसरला तर गणित सुरू होण्याआधीच संपतं. विकल समीकरण सोडवणाऱ्या ओडीई2 या आज्ञेला डिफ(य, क्ष) = -य असं समीकरण दिलंत तर मॅक्सिमा आधी डाव्या बाजूची किंमत काढते. य हा क्ष वर अवलंबून आहे हे तिला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून डेरिव्हेटिव्ह 0. समीकरण उरतं 0 = -य, आणि ते विकल समीकरणच नाही. बरोबर रूप हे:

ओडीई2('डिफ(य, क्ष) = -य, य, क्ष);

यातून य = %सी गुणिले ई चा -क्ष घात असं उत्तर येतं (%सी हा स्थिरांक). सुरुवातीची अट घालताना आयसी1 या आज्ञेमध्ये क्ष=0, य=1 लिहितो, तिथेही वरचाच धोका: क्ष ला 5 दिलेले असतील तर अट 5=0 अशी पोचते.

एक गैरसमज इथेच दूर करतो. कोट दिला की सगळंच जसंच्या तसं राहील असं नाही. '(2+3) लिहून बघा, 5 येतात. कोट थांबवतो ते किंमत काढणं. सुलभ रूप देणं ही वेगळी क्रिया आहे आणि ती चालूच राहते. नावाच्या जागी त्याची किंमत घालणं आणि फंक्शन चालवणं हे पहिलं काम. 2+3 चे 5 करणं, क्ष+क्ष चे 2*क्ष करणं हे दुसरं. ते थांबवायचं असेल तर सिंप नावाचा झेंडा फॉल्स करावा लागतो, आणि तोही एका ब्लॉकपुरता (ब्लॉक म्हणजे स्वतःची स्थानिक नावं असलेला आज्ञांचा गट), नाहीतर पुढे सगळी उत्तरं न सोडवलेल्या अवस्थेत साचत जातात.

आता फंक्शन्स. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त तास यात जातात.

फ(क्ष) := डिफ(क्ष^3, क्ष);
फ(क्ष);
फ(2);

दुसरी ओळ 3*क्ष^2 देते. मुलगा खूश होतो, वहीत उतरवतो. तिसरी ओळ चूक देते. := या चिन्हाने व्याख्या करताना उजवी बाजू अजिबात चालवली जात नाही, जशी लिहिली तशी साठवली जाते. फ(2) म्हटल्यावर क्ष च्या जागी 2 येतो आणि मग डिफ(8, 2) चालवायला जाते. अक्षर घालून तपासलं की बरोबर आणि आकडा घातला की चूक, म्हणून हा दोष तपासणीतून निसटतो. याचंच मुकं भावंड असं:

फ(क्ष) := र;
फ(2);

चूक येत नाही. 20 ही येत नाहीत. येतं क्ष^2 + 5*क्ष + 6. फ चा देह, म्हणजे := च्या उजवीकडे साठवलेला मजकूर, फक्त "र" आहे. र ची किंमत एकदा काढली, राशी मिळाली, काम संपलं. आतल्या क्ष पर्यंत तो 2 पोचलाच नाही.

दोन्हीचा उपाय एकच: व्याख्या करतानाच उजवी बाजू चालवून घ्या.

डिफाइन(फ(क्ष), डिफ(क्ष^3, क्ष));

आता फ चा देह 3*क्ष^2 आहे आणि फ(2) म्हणजे 12. देहात नेमकं काय साठवलं गेलंय याची खात्री फंडेफ(फ) या आज्ञेने करा. कोणी मला "फंक्शन चुकीचं उत्तर देतंय" म्हणून कोड दाखवतं तेव्हा मी पहिल्यांदा फंडेफचं उत्तर मागतो. तुम्ही काय लिहिलं आणि मॅक्सिमाने काय साठवलं यांतली तफावत तिथे लगेच दिसते.

अनेक नोट्समध्ये डिफाइनऐवजी दोन कोट दिलेले असतात: फ(क्ष) := ''र. दोन कोटांचा अर्थ एका कोटाच्या नेमका उलट: याची किंमत आत्ताच काढ. हा "आत्ता" म्हणजे आज्ञा चालवण्याची वेळ नव्हे, मॅक्सिमा तुमची ओळ वाचते ती वेळ. एकट्या ओळीत दोन्ही वेळा एकामागोमाग येतात, म्हणून फरक जाणवत नाही. लूपमध्ये तो जाणवतो:

फॉर क:1 थ्रू 3 डू (ग(क्ष) := ''(क्ष^क), प्रिंट(ग(2)));

2, 4, 8 छापलं जातं. सगळं बरोबर दिसतं. लूप संपल्यावर ग(2) विचारा: 2^क येतं. ओळ वाचली तेव्हा क रिकामा होता, म्हणून देहात क्ष^क च गेलं. लूप चालू असताना क ला 1, 2, 3 मिळत होते म्हणून छापलेले आकडे बरोबर आले. बाहेर पडल्यावर क पुन्हा रिकामा. आणि लूपच्या आधीच तुमच्या सत्रात कुठेतरी क: 10 झालेलं असेल तर तिन्ही वेळा 1024 छापले जातात. याच लूपमध्ये डिफाइन(ग(क्ष), क्ष^क) लिहिलं तर शेवटी ग(2) म्हणजे 8 राहतात, कारण डिफाइन चालवण्याच्या वेळी किंमत काढतं. म्हणून माझा आग्रह: दोन कोट फक्त एकट्या ओळीत, हाताने टाइप करताना, लूप, ब्लॉक किंवा फंक्शनच्या आत नेहमी डिफाइन.

अनामिक (नाव न दिलेल्या) फंक्शन्सची यादी करताना हाच दोष लॅम्डात, म्हणजे अशी फंक्शन्स बनवणाऱ्या आज्ञेत, भेटतो. लॅम्डाही आपला देह चालवून बघत नाही, त्यामुळे मेकलिस्ट(लॅम्डा([क्ष], क्ष^क), क, 1, 3) मधून तीन एकसारखी फंक्शन्स निघतात, प्रत्येकात मोकळा क. इथे बिल्डक्यू उपयोगी पडतं:

मेकलिस्ट(बिल्डक्यू([क], लॅम्डा([क्ष], क्ष^क)), क, 1, 3);

बिल्डक्यू म्हणजे छापील अर्जासारखं: बाकी मजकूर तसाच, फक्त सांगितलेल्या रिकाम्या जागा भरायच्या. पायथनमध्ये लूपच्या आत लॅम्डा लिहून फसलेल्यांना ही जागा ओळखीची वाटेल.

फंक्शनच्या आत अज्ञात अक्षर लागत असेल तर ते ब्लॉकमध्ये स्थानिक करा: ह(न) := ब्लॉक([क्ष], डिफ(क्ष^न, क्ष)). बाहेर क्ष ला काहीही दिलेलं असो, आत तो कोरा असतो. फॉर आणि मेकलिस्ट आपापलं अक्षर स्वतःच स्थानिक करून घेतात. डिफ, इंटिग्रेट आणि सॉल्व्ह तसं करत नाहीत. म्हणून एकाच सत्रात मेकलिस्ट सुरळीत चालतं आणि इंटिग्रेट अडतं.

सिमपाय, म्हणजे पायथनमधली बीजगणिताची लायब्ररी, वापरणाऱ्यांसाठी थोडं. तिथे बिघाडाचं रूप वेगळं, मूळ तेच. क्ष हे चिन्ह घेऊन राशी तयार केली आणि नंतर पायथनमध्ये क्ष = 5 लिहिलं, तर राशीतलं चिन्ह शाबूत राहतं, पण पायथनचं क्ष हे नाव आता त्या चिन्हाकडे बोट दाखवत नाही. मग सब्स (तिथली सब्स्ट) करायला गेलात तर तिला क्ष हे चिन्ह न मिळता 5 मिळतो. 1/3 लिहिलंत तर सिमपायला कळायच्या आत पायथन त्याचा दशांश अपूर्णांक करतो. तिथे रॅशनल(1, 3) लिहावं लागतं. मेपल या आणखी एका अशाच सॉफ्टवेअरमध्ये कोट मॅक्सिमासारखाच आहे, फक्त किंमत काढण्याच्या प्रत्येक फेरीत एक कोट गळून पडतो, आणि अक्षर रिकामं करायला क्ष := 'क्ष' असं लिहायची तिथली रीत आहे.

इतकं सगळं बरोबर करूनही चूक येत असेल तर चिन्हाकडे डोळे बारीक करून बघा. वर्डमधून किंवा मोबाइलवरच्या मेसेजमधून कोड कॉपी केला की सरळ कोटाचा वाकडा, छपाईतला कोट झालेला असतो, आणि मॅक्सिमा तो कोट म्हणून ओळखत नाही. दोन कोटांच्या जागी कीबोर्डवरचं दुहेरी अवतरणचिन्ह दाबलं जाणं हेही रोजचंच. त्याने अक्षरमाला तयार होते, किंमत निघत नाही. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात. त्या ओळीतले कोट पुसून हाताने पुन्हा टाइप करा, आणि दोन कोट हवे असतील तिथे एकेरी कोटाची कळ दोनदा दाबा.